पन्नासपैकी अठ्ठेचाळीस

दादर, १८ एप्रिल १९५६

चि. मृणालिनीस, आत्याचे मनापासून आशीर्वाद.

तुझे अप्पा परवा गिरगावातून आले होते. पालिकेच्या दवाखान्यांतल्या नर्सना कामावरच तीन महिने शिकवलं, त्या परीक्षेत तुला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले, हे मी त्यांना अभिमानानं सांगितलं. पेपर मीच काढलेला, तपासलेलाही मीच. भाचीचे दोन गुण शुद्धलेखनाला कापले म्हणून ते मला हसले.

शिकवल्याचा उपयोग किती झाला ते डोळ्यांनी पाहावं, म्हणून काल तुमच्या घोडपदेवच्या दवाखान्यात न कळवता आले. डोक्यावरून पदर घेऊन बायकांच्या बाकावर बसले. मृणाल, स्टोव्ह पेटलेलाच नव्हता! एकाच सुईनं तू चौघांना इंजेक्शन दिलंस, मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून. सुई वीस मिनिटं उकळावी, असं तुझ्याच अक्षरात माझ्याकडे लिहिलेलं आहे. मी तशीच उठून आले. असं का, ते कळव. सोमवारी मला पालिकेला या शिकवणीचा अहवाल द्यायचा आहे.

लोभ आहेच, आज तो जड झालाय.

तुझी राजूआत्या


घोडपदेव, २० एप्रिल १९५६

ती. राजूआत्यास, मृणालिनीचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. तू पाहिलंस ते खरं आहे. जानेवारीत गोळीबार, संचारबंदी चालू होती तेव्हा रॉकेल मिळेना आणि रांग रस्त्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, तूर्त स्पिरिटवर भागवा. पहिल्या दिवशी मी भांडले. आठवड्यानं रॉकेल आलं, पण स्टोव्ह कुणी पेटवला नाही, मीही नाही. शिकवणं म्हणजे डॉक्टर दुपारी टिपणं सांगत, आम्ही लिहून घेत असू. माझे हात कुणी पाहिलेच नाहीत. हे सांगून मी सुटत नाही, ठाऊक आहे.

तुझ्या पत्रानंतर नोंदवही काढली. जानेवारीत इंजेक्शन घेतलेले सहा जण या महिन्यात कावीळ घेऊन आले होते. सहाही जणांना मीच त्या न उकळलेल्या सुईनं टोचलेलं! गिरणीत काम करणाऱ्या कमलाबाई त्यांतल्याच. त्या गेल्या शनिवारी वारल्या. वही डॉक्टरांपुढे ठेवली. ते म्हणाले, साथच आहे, गप्प राहा. आत्या, मी गप्प राहणार नाही. अहवालात माझं नाव लिही. कमलाबाईंच्या घरी जायचं धाडस मात्र होत नाही. अप्पांना तूच सांग.

रागव, पण तोडू नकोस.

तुझी मृणाल


दादर, २४ एप्रिल १९५६

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

अहवाल काल दिला. त्यात तुझं नाव आहे, डॉक्टरांचं आहे आणि माझंही. नुसता कागद तपासून, या मुली तयार झाल्या अशी सही मीच केली होती. आता प्रत्येकीचं काम समोर बसून पाहिल्याशिवाय कुठल्याच दवाखान्यात तिच्या हाती सुई द्यायची नाही, असं ठरलं. तुला तूर्त कामावरून दूर केलंय. अप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, पोर जेवते का नीट?

आज कमलाबाईंच्या चाळीत गेले. त्यांच्या यजमानांना, कोंडीरामांना, सगळं सांगितलं. वाटलं, अंगावर धावून येतील. त्यांनी एवढंच विचारलं, त्याच दिवशी आमच्या मुलीलाही टोचलं होतं, तिचं काय व्हायचं? मुलगी अवघी आठ वर्षांची आहे. दारातच उभी होती.

परवा सकाळी नऊला तिला परळच्या इस्पितळात तपासायला नेते आहे. कोंडीराम म्हणाले, सुई देणारी बाईही यायला हवी. मी त्यांना सांगितलंय, ती येईल.

तुझी आत्या