कौतुकाच्या फायलीतली तक्रार

हेदरली, मंगळवार

ती. मॉडताईस,

वॉल्टरचा नमस्कार. तुझा डावा गुडघा आता वळत असेल, आणि शेजारणीशी अबोलाही नीट चालू असेल, अशी आशा आहे. इथे मी आणि नात नेल खुशाल. तिची धाकटी बहीण आयव्हीही खुशालच असणार, पण ते सांगणार कोण? ती सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे, तीस मैलांवर. दर महिन्याला दोघींची भेट घडवायचं कौन्सिलच्या बालविभागाने लेखी कबूल केलं होतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये भेटी बंद पडल्या. कारण कुणालाच माहीत नाही. (मी विचारलं, तेव्हा त्यांनीच मला विचारलं.)

म्हणून मे महिन्यात मी तक्रार केली. उत्तर आठवड्यात आलं, ‘आपल्या पत्राने सर्वांना आनंद झाला.’ मला वाटलं, सुरुवात तर बरी आहे. आता मोठ्या कचेऱ्यांना वेळ लागतो, आपण तगादा लावणं बरं दिसत नाही, म्हणून वर्षभर थांबलो. या जूनमध्ये गेलो, तर खिडकीतल्या प्रिडलबाई म्हणाल्या, “तक्रार घटनेपासून बारा महिन्यांत यायला हवी, मिस्टर हेप्टन. तुम्हाला उशीर झाला.”

“आणि माझं मे महिन्यातलं पत्र?”

“ते होय? ते कौतुकाच्या फायलीत आहे. एक प्रत आम्ही चहाच्या किटलीजवळ लावलीय.”

मागून कुणीतरी कुजबुजलं, “अगं, हाच तो गोड आजोबा.” (माझे कान अजून शाबूत आहेत.)

किटलीजवळ जाऊन मी ते वाचलं. पहिली दोन पानं आभारांची. तिसऱ्यावर, हवापाण्यानंतर, ‘तसदीबद्दल क्षमस्व, पण बहिणींच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या तर बरं होईल.’ खरं सांगतो, मलाही ती तक्रार वाटली नाही. हातगाडीवर गालिचे विकत दोन दुकानांपर्यंत आलो. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, पण एकाकडूनही काही शिकलो नाही. मात्र पत्राच्या डोक्यावर कचेरीचाच शिक्का होता, अठरा मे. तो मी प्रिडलबाईंना दाखवला. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ती तक्रारच होती असं शुक्रवारपर्यंत स्पष्ट लिहून द्या, मग तीच तारीख धरता येते का ते बघू.

असो. तुझ्या ट्यूलिपना माझा नमस्कार.

तुझा,
वॉल्टर

ता. क. : साहेबांनी मागितलेलं ते पत्र चारदा लिहिलं. चारही वेळा शेवटी आभार आले. माझ्या लग्नाच्या जेवणात पाद्रीबुवांना तोंडावर ‘पुरे’ म्हणणारी घरात तू एकटीच. दहा ओळी लिहून गुरुवारपर्यंत पाठव.

ता. क. २ : आता राहू दे. नेलने स्वतःच लिहिलं, ‘आजोबांनी तेव्हा तक्रारच केली होती. मला आयव्हीला भेटायचंय.’ खाली जागा उरली होती म्हणून मी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ घातलं. तिने ते खोडलं. तसंच पाठवलंय.