बाबांना कुठला फोन बरा

१७ जानेवारी, दुपार

चि. ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. तुम्ही चौघं मजेत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो, सकाळी उठतो. बाबांचा खोकला गेला. माझी पाठ होती तशीच आहे.

तुझा भलामोठा मेल वाचला. त्याचं उत्तर कागदावर येतंय म्हणून हसशील. दिवसभर लोकांना फोन विकणारी, दुरुस्त करून देणारी बाई भावाला पत्र लिहिते! पण मेसेज केला की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. आणि फोनवर बोलायचं तर बाबा शेजारच्या खुर्चीत असतात. कागद हातात पडला की निदान शेवटपर्यंत वाचशील.

तर तुझा प्रश्न. बाबांना त्यांचा जुना अँड्रॉइडच बरा, की तू पाठवलेला आयफोन? 'ताई, तू या धंद्यातली आहेस, दोन्हींची नीट तुलना करून सांग. पुढची सहा-सात वर्षं बघायला लागू नये असा एकच ठरवून टाकू.' सहा-सात वर्षं हे शब्द मी पुन्हा वाचले. तेवढ्यात काउंटरवर एक बाई आल्या. फोन चार्ज होत नाही म्हणून अगदी रडकुंडीला आल्या होत्या. चार्जिंगच्या भोकात पर्समधला कचरा गच्च बसला होता. टाचणीनं काढून दिला, तर त्या माझा हात सोडेनात. त्या गेल्यावर पुन्हा तुझा मेल उघडला.

आधी धंद्याचं सांगते. त्या रविवारच्या फोनचंही सांगायचं आहे, पण ते नंतर.

टिकण्याचंच बघायचं तर आयफोन उजवा. फोन एकाच कंपनीचा आणि आतली सिस्टिमही तिचीच, त्यामुळे जुन्या फोनलाही बरीच वर्षं नवं अपडेट मिळत राहतं. आमच्याकडे कोपरे झिजलेले, काचेला तडा गेलेले आयफोन येतात आणि आत मात्र ठणठणीत असतात. बॅटरी तेवढी म्हातारी होते. ती बदलली की पुन्हा चालायला लागतात.

अँड्रॉइड म्हणजे एक घर नाही, अख्खी गल्ली आहे. प्रत्येक कंपनी आपापला रंग लावते, आपापलं सामान भरते. महागडा घेतला तर तोही वर्षानुवर्षं सांभाळला जातो. स्वस्तातला घेतला तर थोड्याच दिवसांत त्याचं कुणाला सोयरसुतक उरत नाही. पण त्याला हवा तसा वाकवता येतो. अक्षर मोठं करा, चिन्हं हलवा, नको ते उडवा. आयफोन म्हणतो, मी सांगतो तसं वाग. अँड्रॉइड म्हणतो, तुला कसं हवं ते सांग, आणि मग इतके प्रश्न विचारतो की माणूस कानाला खडा लावतो.

आणि एक, तुझ्या त्या तिन्ही लिंकांत नसलेलं. फोन सिस्टिमनं मंदावतो त्याहून जास्त माणसांनी मंदावतो. रोज सकाळी आलेली सुप्रभातची फुलं कुणी पुसत नाही. पुसायला जिवावर येतं. मग जागा भरते आणि फोन धापा टाकायला लागतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, कंपनीनं फसवलं. मी फुलं पुसते, फोन पळायला लागतो, आणि ते मला जादूगार समजतं.

आता रोजच्या वापराचं. बाबांचा अंगठा जुन्या फोनवर खालच्या कोपऱ्यात जातो. तिथे मागे जायचं बटण आहे. नव्यावर ते नाहीच, कडेकडून बोट सरकवावं लागतं. मी शिकवलं. बाबांनी शहाण्या मुलासारखं करून दाखवलं, 'आलं की!' म्हणाले, आणि पुढच्याच मिनिटाला त्या कोपऱ्यात अंगठा दाबत बसले. काही होत नव्हतं तरी दाबत होते. चिडले नाहीत. हल्ली ते चिडत नाहीत.

दुसरा फरक नावाचा. फोन आला की जुन्यावर नाव कितीही लांब असलं तरी खालच्या ओळीत उतरतं आणि पुरं दिसतं. तू पाठवलेल्यावर थोडंसं दिसतं आणि पुढे तीन टिंबं येतात. तू म्हणशील, नाव असून असून किती लांब असणार?

गिऱ्हाईक आलं. उरलेलं उद्या.

१८ जानेवारी, दुकान उघडायच्या आधी

काल इथवर लिहून कागद पिशवीत घातला. घरी जाऊन तो काढलाच नाही. आता शटर अर्धं वर आहे, आत अजून दिवे लावलेले नाहीत. मालक यायला वेळ आहे.

रविवारचं सांगते.

त्या दिवशी तू व्हिडिओ कॉल केलास, बाबांनी उचलला आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब. बोला, काय काम होतं आपलं?" तू हसलास. "बाबा, काय चेष्टा करताय!" म्हणालास. त्यावर ते म्हणाले, "पाटी रंगवायची असेल तर सध्या मी कामं घेत नाही. पण शब्द पाठवून ठेवा." मग तू माझ्यावर ओरडलास. "ताई, आवाज नीट जात नाहीये का? चित्र अडकतंय का?" मी म्हटलं, बहुतेक अडकतंय. आणि त्याच संध्याकाळी तुझा तुलनेचा मेल आला.

चित्र अडकत नव्हतं, ठोंब्या. आवाजही स्वच्छ होता. फोन चांगला आहे, तू चांगलाच पाठवलास. तू तो पाठवायच्या आधी बसून सगळी नावं भरलीस, आडनावांसकट, फोटो लावून, अगदी ऑफिसच्या फायलीसारखी. तुझ्या नंबरावर तुझं पूर्ण नाव आणि टाय लावलेला फोटो. बाबांनी ते वाचलं, फोटो बघितला, आणि कुणी साहेब आहेत असं समजून साहेबाशी बोलावं तसं बोलले. तुला मोठं मानून बोलले रे. त्यात त्यांची काय चूक?

जुन्या फोनवर तुझं नाव नव्हतं. तिथे मी लिहिलं होतं, 'धाकटा मुलगा. लांब असतो. दोन मुली, मोठी पोहायला जाते, धाकटी चित्रं काढते.' फोन वाजला की बाबा चष्मा लावून ते वाचायचे आणि मगच उचलायचे. म्हणून त्यांना उचलायला वेळ लागायचा. तू म्हणायचास, 'बाबांचा गुडघा दुखतो का, फोनपर्यंत यायला किती वेळ!' फोन त्यांच्या मांडीवरच असायचा.

आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास आहे. पाटीवर 'चष्म्याचे दुकान' असेल तर आत चष्मेच मिळणार. फोनवर 'धाकटा मुलगा' असेल तर तो धाकटा मुलगाच. एकदा वाचलं की मोठीच्या पोहण्याची चौकशी, धाकटीच्या चित्रांची चौकशी, आणि ते संपलं की 'बाकी काय?' बाकी काय तर ते आपल्या लहानपणापासून म्हणतात, त्यामुळे तुला संशय येण्यासारखं काही नव्हतंच. तू तिकडे सगळ्यांना सांगायचास, आमचे बाबा या वयातही एक गोष्ट विसरत नाहीत.

मोठीनं पोहणं सोडून गाणं सुरू केलं तेव्हा मी नावात बदल केला. पण त्याआधीच्या रविवारी बाबांनी पोहण्याचंच विचारलं होतं. ती म्हणाली, "आजोबा, मी सोडलं ना, मागे सांगितलं होतं." बाबा म्हणाले, "हो हो, तुझी गंमत केली." इतके हुशार आहेत. झाकायचं कसं ते त्यांना अजून आठवतं.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं. बाबांनी इतकं सुंदर घड्याळ काढलं, आकडे असे छापल्यासारखे, की डॉक्टर बघतच राहिले. काटे मात्र काढले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजले? बाबा म्हणाले, "ते तुम्ही ठरवा, मी फक्त रंगवतो." गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी घसरण थोडी सावकाश होते म्हणतात, चढ नाही.

तुला कळवलं नाही, कारण पहिल्यांदा वाटलं तपासण्या होऊ देत. मग वाटलं तुझी बढती होऊ दे. मग तुमचं ठरलं की पुढच्या वर्षी मुलींच्या सुट्टीत येऊ, आणि तू इतका खुशीत होतास की म्हटलं, तोवर चालवू. सगळ्यात सोपं असं ते नाव लिहिणं होतं. एकदा लिहिलं की रविवार पार पडायचा.

मला काय वाटतं विचारशील. काही वाटत नाही. खरंच सांगते. शेजारची मावशी म्हणते, रडून घे गं, मोकळी हो. रडायला बसले तर जांभई आली. सकाळी उठते, बाबांचं आवरते, मावशीला घरी बसवते, दुकानात येते, काचा बदलते. गिऱ्हाईक विचारतं, कुठला टिकेल? मी सांगते. बोलताना माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. रविवारी तू ओरडलास तेव्हाही वाईट वाटलं नाही. फक्त मनात आलं, आता नवीन फोनमध्येही ते नाव भरावं लागणार, आणि पुढे टिंबं येणार.

मग मी ते भरलं नाही.

मंगळवारी तुझा फोटो तसाच त्यांच्यापुढे धरला. नाव झाकून. म्हटलं, ओळखा बघू. त्यांनी खूप वेळ बघितलं. म्हणाले, "चेहरा भला आहे. दमलेला दिसतो. याच्या घरी कुणी नाही का, याला जरा झोप म्हणणारं?"

हे वाचून तू लगेच फोन करशील. करू नकोस. माझं अजून व्हायचं आहे.

माझं नाव त्यांच्या फोनमध्ये लिहावं लागलं नाही, कारण मी समोर असते. पण या महिन्याच्या सुरुवातीला मी दुकानातून आले, दार उघडलं, आणि ते उठून उभे राहिले. "बसा ना, बाई. घरचे बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात." मी बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. पेला दोन्ही हातांनी दिला, परक्या बाईला देतात तसा. मी पाणी प्यायले आणि घरचे यायची वाट बघत त्यांच्यासमोर बसून राहिले. दुसरं काय करणार होते? मग त्यांची नजर माझ्या छातीवरच्या दुकानाच्या बिल्ल्यावर गेली. वाकून वाचलं. 'ग्राहक सेवा.' म्हणाले, "अक्षर गचाळ आहे. 'क'ची गाठच सुटलीय. मी करून देतो."

मी रंग आणून दिले, पुठ्ठ्याचे तुकडे कापून दिले. काय लिहू विचारलं, तर मी सांगितलं, 'मोठी मुलगी' लिहा. हात जराही थरथरला नाही. खाली बारीक वेलही काढली, पूर्वी मिठाईच्या दुकानांना काढायचे तशी. तेव्हापासून घरात मी तो बिल्ला लावते. सकाळी ते वाचतात आणि म्हणतात, "अगं, चहा ठेव." कुणाचं अक्षर आहे हे, असंही कधी विचारतात. तुमचंच, म्हटलं की खूश होतात.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही फोन चांगले आहेत. सहा-सात वर्षं दोन्ही चालतील. बाबांना त्यांतला कुठलाही चालेल, कारण जुना दिला तर ते नाव वाचून तुझ्याशी बोलतील आणि नवा दिला तर तुला साहेब म्हणतील, आणि दोन्ही वेळा त्यांच्या मनात तू नसशील. फोनमधलं मला कळतं म्हणून इतकं ठामपणे सांगते. पुढच्या वर्षीच्या सुट्टीचं मात्र मला काही सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही. हात अजून चालतो आहे. वाचता अजून येतं. तेही जाईल असं त्यांनी सांगितलंय.

म्हणून सुट्टीची वाट बघू नकोस. मुली नंतर येऊ देत. तू आत्ता ये.

मालक आले, दिवे लागले. एवढं सांगून थांबते. माझा बिल्ला झाल्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा उरला होता. बाबा म्हणाले, यावर काय लिहायचं? मी म्हटलं, 'धाकटा मुलगा.' त्यांनी तो माझ्या बिल्ल्यापेक्षाही मन लावून केला, दोनदा रंग दिला, अक्षरांना सोनेरी कड काढली. वाळल्यावर कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. आणि रोज संध्याकाळी मला विचारतात, "ते गिऱ्हाईक अजून न्यायला कसं आलं नाही गं?"

मी त्यांना उद्या येईल म्हणून सांगते.

तुझी,
ताई