वरकसातले चार गुंठे आणि फ्रिजमधला डबा

मी, समीक्षा मुरारी उतेकर, वय ३१, अविवाहित, राहणार आंबेनळी घाटाखालील आमची वाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ९ मे रोजी मुंबईत माझ्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया आहे. त्यानंतरच्या शुद्धीचा दाखला डॉक्टर आगाऊ देत नाहीत, म्हणून आज.

१. बँकेतील शिल्लक आणि विम्याची रक्कम आई, श्रीमती आवडी मुरारी उतेकर, हिची. भाऊ हर्षद याने त्यात वाटा मागू नये. तो मागणारही नाही, पण लिहून ठेवलेले बरे.

२. माझ्या लग्नासाठी आईने केलेले दागिने आईकडेच परत जावेत. त्यांचे काय करायचे हे तिने शेजारणींना विचारू नये.

३. सूक्ष्मदर्शक नाते गावातील शाळेला. माझी मैत्रीण अपेक्षा तिथे शिकवते. त्याची भिंगे ओढणीने पुसू नयेत.

४. महाडमधील ज्या औषध दुकानदाराने हुमणी अळी मारणाऱ्या पाण्याच्या माझ्या बाटलीला चार गिऱ्हाइकांसमोर "गंगाजल" म्हटले, त्याला माझ्याकडून काही नाही. त्याच्या माहितीसाठी: माझे चुलत काका सदूकाका यांच्या नाचणीत, जिथे ते पाणी दिले तिथे चौरस मीटरला दोन हुमण्या निघाल्या, जिथे दिले नाही तिथे नऊ. मोजताना काका हजर होते. त्यांच्या मते हे गावदेवीने केले. दुकानदारापेक्षा मला तेही चालेल.

५. वाटणीत माझ्या नावे आलेले वरकसातले, म्हणजे डोंगरउतारावरच्या नाचणीच्या जमिनीतले, चार गुंठे. हे कलम लांबणार आहे.

हुमणी ही भुंगेऱ्याची पांढरी अळी. जमिनीत राहते, नाचणीची मुळे खाते, रोप हाताला उपटून येते. तिला मारणारे सूत्रकृमी मातीतच असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ते अळीत शिरतात, दोन दिवसांत ती मरते आणि विटकरी रंगाची होते. विकतचे सूत्रकृमी आमच्या उतारावर एका हंगामात संपतात. या चार गुंठ्यांत मला जे सापडले ते उन्हाळा काढून पुढच्या पावसात पुन्हा कामाला लागत होते. महाडच्या प्रयोगशाळेतील माझी नोकरी गेल्यावरही मी ते घरी वाढवत राहिले.

त्यांच्यासाठी पाच वर्षे मी तिथे राब भाजला नाही. पेरणीआधी पाला, शेण, फांद्या पसरून जमीन भाजायची आमच्याकडची रीत आहे. त्या धगीत हे जीव टिकत नाहीत. भाजत का नाही, हे मी कोणाला सांगितले नाही. निष्कर्ष पक्के होण्याआधी बोलायचे नाही, अशी माझी सवय. लोकांनी आळशी ठरवले. ते चालून गेले.

मार्चमध्ये मी तपासण्यांसाठी मुंबईत होते. परत आले तेव्हा चुलत काका सदू भिकू उतेकर अंगणात वाट पाहत होते.

"तू दवाखान्यात, मंग तुझा राब कोन भाजनार? मी भाजला गो. चांगला जाड थर दिला, कडेपर्यंत. आता तू फकस्त बरी व्हय."

मी "बरं काका" म्हटले. दुसऱ्या दिवशी वीस ठिकाणची माती, वीतभर खोलीवरून, घरी आणून ओली केली आणि प्रत्येक डब्यात मेणकिड्याची एकेक अळी सोडली. आठवड्याने वीसही अळ्या जिवंत होत्या. इतक्या टवटवीत अळ्यांनी इतकी वाईट बातमी मला कधी दिली नव्हती. काकांनी काम चोख केले होते.

हे चार गुंठे मी सदूकाकांना देते. अट एकच: तिथे राब भाजू नये. <s>कारण त्यांना कळवू नये. मुलीची इच्छा होती, एवढेच सांगावे.</s> (स. उ.)

६. उरले ते सूत्रकृमी आमच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातील चपट्या डब्यात आहेत, अर्धे बोट पाण्यात. तीन प्रयोगशाळांना कळवले. एकीचे उत्तर नाही. एकीला पाठवलेला नमुना वाटेतल्या उन्हात मेला. तिसरीने जूनमध्ये समक्ष या, असे कळवले आहे. हर्षद म्हणतो, "ताई, सोड ना आता ते." आई म्हणते, "ताकाशेजारी किडे ठेवतेस, मी जेवू कशी?" तरी दर दोन दिवसांनी झाकण उघडून डबा हलवते तीच. नजर दुसरीकडे ठेवून.

डबा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकेल, वीज फार वेळ गेली नाही तर. आज ओतला तर तापलेल्या मातीत काही उरणार नाही. जमीन वीतभर ओली झाल्यावर, ऊन उतरल्यावर, तो त्या चार गुंठ्यांत ओतावा. हे कलम माझ्या मृत्यूसाठी थांबू शकत नाही. मी जिवंत असेन, पण जिना चढता येत नसेल, बोलता येत नसेल, तरी लागू समजावे. कायद्यात असे बसत नाही, हे वकिलांनी सांगितले आहे.

७. खाडाखोडीबाबत. कलम ५ मधील दोन वाक्ये मी आज खोडली आहेत. कारण न सांगता घातलेली अट इथे कोणी पाळत नाही, हे मला याच वर्षी कळले. सदूकाका सकाळीच साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. त्यांना बसवले आणि कलम ५ व ६ वाचून दाखवली.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "बोलली असतीस तं."

"हो काका. माझं चुकलं."

"त्या डब्यातले तरी जिते हायत?"

"आज आहेत."

"आनि मी वतीन तवा? जिते का मेलेले, ता मला कसा कळायचा?"

"कळणार नाही. दिवाळीच्या आधी नाचणी कापताना मुळाशी विटकरी अळी दिसली, तर जगले."

"नाय दिसली तं?"

मी फ्रिजमधून डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"वतीन," ते म्हणाले. "पन तू कापनीला ये."

यावर मी काही कबूल केलेले नाही. सदूकाका लाभार्थी असल्याने साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतलेली नाही.

हे मी वाचले, बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. खोडलेल्या वाक्यांशेजारची आद्याक्षरेही त्यांच्यासमोरच केली.

सही: समीक्षा मुरारी उतेकर

साक्षीदार:
१. अपेक्षा जानू सकपाळ, शिक्षिका, नाते (या मृत्युपत्राची व्यवस्थापक हीच)
२. ओम हैबती साळवी, पोलादपूर

ठिकाण: पोलादपूर
दिनांक: ३० एप्रिल २०२६