एका पायातला बूट

न्यूबरीपोर्ट, १२ ऑक्टोबर १७९५
पोचले एकदाची! लेकीचं, टेम्परन्सचं, घर म्हणजे काय, तीन मजले! खिडकीत उभं राहिलं की जावयांची गलबतं दिसतात. नात मेहेटाबेल पाच वर्षांची, जीभ पन्नाशीची. दारातच विचारते, आजी, तुझे दात किती उरले, मोजू? जावई म्हणाले, सासूबाई, इथं मोठी माणसं येतात, गोठ्याच्या गप्पा नकोत. बरं बाबा. जेवायला मक्याच्या कण्या नि काकवी. काकवी आमच्या गावाकडची नव्हे हं, ती दाट असते. जाऊ दे.

१४ ऑक्टोबर
घरात चितारी उतरलाय, फिच नावाचा. सगळ्या कुटुंबाचं चित्र पुरं होईस्तोवर इथंच मुक्काम. जावयांनी त्याला बजावलं, पोट लहान काढ, गलबत मोठं. मी फिस्सकन हसले, तर डोळे वटारले. चित्रात मी नाही. व्यापाऱ्याच्या चित्रात शेतकरीण कशाला, म्हणाले.

१७ ऑक्टोबर
चित्र बघितलं, परत जवळ जाऊन बघितलं. मेहेटाबेलचा एक बूट पायात, दुसरा हातात! आमच्यात गेलेल्या लेकराचं चित्र असं काढतात. फिचला झापलं, मुडद्या, जितं पोर आहे हे! तर म्हणतो, आजीबाई, गेलेलीच इतकी रंगवलीत, हात आपोआप तिकडं वळतो. टेम्परन्स रडली. जावई म्हणाले, झोकात दिसतंय, राहू दे. अडाण्यांना विचारून चित्रं काढत नसतात.

१९ ऑक्टोबर
पोरीला ताप. घसा सुजलाय. पाणीसुद्धा गिळवत नाही.

२० ऑक्टोबर
फिचच्या पाया पडले, बूट घाल रे तिच्या पायात. तीनदा रंगवला त्यानं. तीनदा रंग वाळला नि खालून उघडा पाय वर आला. फिच ब्रश पुसत म्हणाला, आता या चित्रात कुणीतरी अनवाणी हवंच.
मग माझा अनवाणी पाय काढ चित्रात, म्हटलं.

२१ ऑक्टोबर, सकाळ
बसलेय त्याच्यापुढं, डावा बूट काढून. वही मांडीवर. पाय रंगवून झाला — मला तो पाय आता जाणवत नाही.
वरून हाक! आजी, भूक लागली! ताप उतरला — माझी बाय ती! जावई जिन्यातून ओरडतायत, बघा, उगाच कांगावा केलात सासूबाई. ओरडू देत.
हसू येतंय. पण तोंड रंगवलंय — हलत नाही —
आता फिच हात रंगवायला लागलाय. वही ठेवा म्हणतो — नाही ठेवणार —
मेहेटाबेल जिना उतरतेय. धडधाकट दोन्ही पायांनी. तिला एवढंच सांगा, की आजी —