उलटा फ्लेक्स

कोपर,
रविवार, २७ जुलै २०२५

चि. मेघाली,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, बंगळूरला तूही बरी असशील असं धरून चालते. फोनवर तू हं हं करतेस आणि ठेवतेस, म्हणून लिहायला बसले. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, चालवून घे.

पाऊस चालू, होडी काठाला. तुझा बाप जाळी दुरुस्त करत बसतो. तुझ्या आईचा गुडघा तसाच. मी सुके बोंबील घेऊन बाजारात बसते. गिऱ्हाईक विचारतं, तुमची शास्त्रज्ञ भाची काय म्हणते? मी म्हणते, बोंबील किती देऊ?

त्या सत्काराचं मी काढणार नव्हते. पण तुझी आई सांगते, तू संशोधन सोडून ठाण्याला क्लासमध्ये शिकवायला येणार. शिकवणं वाईट नाही गं. पळून येऊन शिकवू नकोस एवढंच. म्हणून आता काढतेच.

फ्लेक्सला मी नको म्हटलेलं. तुझ्या बापाने, सुदेशने, मोठ्या बहिणीचं कधी ऐकलंय? तू लेख इंटरनेटवर टाकलास एवढं त्याला कळलं आणि चौकात लागलं, 'ब्रह्मांडाचं कोडं सोडवणारी कोपरची कन्या'. खाली भावी नगरसेवकाचा फोटो, तुझ्यापेक्षा मोठा. आपल्याकडे दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, मग ब्रह्मांड म्हटल्यावर कोण थांबणार. आणि तू माइकवर उभी राहून सांगितलंस, गणितात चूक निघाली, माझी मलाच सापडली, लेख मागे घेतलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं भाषण संपलं. पाहुण्यांनी वर शाल घातली. मला हसू येत होतं, तुझं तोंड बघून गिळलं.

घरी आल्यावर सुदेश म्हणाला, "गप राहिली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

तू म्हणालीस, "मला कळलं असतं ना, बाबा."

सकाळी चहा न घेता गेलीस. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

मला तुझ्या त्या गणितातलं काही कळत नाही. एकदा कोलंबी साफ करताना तू सांगितलेलंस, आकाशात असं एक भोक असतं की उजेड आत गेला तर बाहेर येत नाही. आणि ते भोकसुद्धा हळूहळू झिजतं. ते झिजणं कोणी बघितलेलं नाही, नुसतं कागदावर. मी म्हटलं, मग एवढा खटाटोप कशाला? तू म्हणालीस, "आत्या, आत गेलेल्याचा काही माग उरतो का, तेवढंच बघायचंय." त्या दिवशी मी उडवून लावलं. पण दुकानावर बसल्या बसल्या ते डोक्यात येतं. उरतो का गं? क्लासमध्ये जाऊन हे तुला कळणार आहे का?

परवा सुदेश जाळं विणत होता. हातभर विणून झालं आणि मागे एक गाठ चुकलेली दिसली. लागला सगळं कापून काढायला. मी म्हटलं, "राहू दे रे, पाण्याखाली कोणाला कळणार?"

मान वर न करता बोलला, "मला..." आणि थांबला. कात्री हातात तशीच.

मी मुद्दाम बोलले नव्हते. बोलले असं वाटत असेल तर तसं समज. मी आत जाऊन कालवणाला फोडणी दिली.

संध्याकाळी चौकातला फ्लेक्स त्यानेच उतरवून आणला. आता तो होडीवर ताडपत्री म्हणून घातलाय, तुझ्या फोटोची बाजू आत. वरून नुसता पांढरा. मी विचारलं, पोरीची लाज वाटते काय रे? तर माझ्यावरच खेकसला, "पावसाने फोटो जाईल तिचा."

नारळी पौर्णिमेला ये. खाडीला नारळ द्यायला सगळं घर लागतं. बाप स्वतःहून बोलावणार नाही, त्याला ते जमत नाही. तू आल्यावर होडीवरचा तो फ्लेक्स काढायला त्याच्याबरोबर जा, बाकी काही बोलू नकोस. मग परत बंगळूरला जा आणि ते गणित पहिल्यापासून घे.

चुकलेल्या गणितासकट तुझी वाट बघणारी,
जनीआत्या