पंचवीस वर्षांनंतरची गाडी

निघोजे

आई, दिपाली तुझ्या पायाशी बसून बोलतेय असं समज.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. निरंजनदादाकडून वाचून घे. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांची शिफ्ट बदलली, त्यामुळे जेवायला तेवढं एकत्र बसणं होत नाही.

मला नवं काम मिळालंय. रेल्वेची पुढच्या पंचवीस वर्षांची योजना ठरतेय. त्यासाठी चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर बायकांना विचारायचं, "इथून गाडी सुरू झाली तर कुठं जाल?" सावलीत उभं राहता येतं, काळजी करू नकोस.

बहुतेक जणी एकच सांगतात, माहेरी. झाडलोट करणाऱ्या तानाबाई हसल्या. "तवर मी कुठली राहतीय! पर लिही, माहेरी." त्यांची आई जाऊनही वर्षं झालीत.

काल आमच्या कामावरच्या साहेबांनी ही सगळी उत्तरं बाजूला काढली. म्हणाले, "पंचवीस वर्षांनी यांच्या आया कुठल्या असायला? आई नाही तर माहेर कसलं? हे प्रवासी मोजणीत धरू नका." घरी आल्या आल्या तुला हे पत्र लिहायला घेतलं.

तुझा खोकला कसा आहे? दादा म्हणतो कमी आहे, पण तो तसंच म्हणणार. डॉक्टरांनी सांगितलेला छातीचा फोटो काढलास का?

दिवाळीला मी एसटीनं येतेय. फाट्यावर उतरलं की आपलं दार दिसतं. तेवढी दारात उभी राहा.

तुझीच,
दिपाली