कोषातून निम्मी बाहेर आलेली माशी

मी, खाली सही करणार, धंद्याने शिंपी, आता निवृत्त, राहत्या घरी हे मृत्युपत्र करून ठेवतो. अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा हात नेला, डोके नेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; ते बायकोलाही कधी जमले नाही. मजकूर मी सांगितला, वकीलबाईंनी लिहून घेतला. त्यांनी गाळा म्हटलेले मी गाळू दिलेले नाही.

१. राहते घर पत्नीला, तिच्या पश्चात मुलगा व सून यांना समाईक. ती हयात असेपर्यंत घर विकण्याचा विषय कोणी जेवताना काढू नये.

२. दुकानातली शिलाई यंत्रे माझ्या जुन्या कारागिराला. कात्र्या तो केव्हापासूनच आपल्या म्हणून वापरतो, त्याही त्याच्याच.

३. वडिलांनी मला दिलेली बांबूची गळकाठी माझा थोरला भाऊ, दादा, न विचारता घेऊन गेला. तेव्हापासून आमचे बोलणे खुंटले होते. ती आता त्याचीच समजावी. कारण पुढे येते.

४. मासेमारीत गळाला आमिष म्हणून लावायच्या नकली माश्या बांधण्याचे सामान, म्हणजे गळ धरणारी पकड, रेशमी दोरे, हरणाचे केस आणि पिसे, सर्व सुनेला. हात गेल्यावर मी ते भंगारात काढले होते. सुनेला माशांचा वास सोसत नाही, तरी ते उचलून आणून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाबा, डावा हात तुमचा, उजवा माझा. सांगा."

कॅडिस हा किडा नदीच्या तळाशी वाढतो. पंख फुटायच्या वेळी वर येऊन कोष फाडतो. तेवढा वेळ तो निम्मा आत, निम्मा बाहेर. ना धड पाण्यात, ना हवेत. ट्राउट मासा त्याच्यावरच टपलेला असतो. आम्ही तेच रूप बांधले: मागे चकाकत्या दोऱ्याची सुटत आलेली कात, वर हरणाच्या केसांचे पंख. हे केस पोकळ, म्हणून तरंगतात. मी दोरा ताणून धरी, सून वेढे देई. पहिल्या माश्या पाहून पत्नी म्हणाली, झाडूचे तुकडे दिसतात. हिवाळा सरता सरता तिनेही हार मानली.

मग सून मला न सांगता दादाकडे काठी मागायला गेली. दादा काठी घेऊन स्वतःच आला. आम्ही तिघे नदीवर गेलो. दादाने सुनेची माशी लावून काठी फिरवली आणि थोड्या वेळाने मोठा ट्राउट वर आला. दादाने तो परत पाण्यात सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काठी तुझीच आहे रे. पण असली माशी मला बांधता आली नसती."

मी सुनेकडे बोट दाखवले. घरी येईपर्यंत दोघे भाऊ बडबडत होतो.

५. बँकेतली शिल्लक पत्नीच्या गरजा भागवून सुनेच्या माश्या बांधून विकण्याच्या धंद्याला लावावी. माश्या बांधायला खिडकीजवळची जागा तिची. मुलाने तिथे आपले कपाट सरकवू नये.

६. मी मासेमारीच्या हंगामात गेलो तर दादाने नदीवरून धावत येऊ नये. कॅडिस पाण्यातून उठून उडून गेले की सावकाश यावे. मी थांबेन.

सही: डाव्या हाताची, माझीच

साक्षीदार: १. शेजारचे बेकरीवाले (सही)
२. समोरच्या दातांच्या डॉक्टर (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ एप्रिल, रविवार